न बोलण्याचा दिवस

थंडीत भेकराचा नर माजावर येतो. तेव्हा आमचा बा ओठांत पान धरून मादीचा आवाज काढायचा आणि नर झुडपं मोडत सरळ जाळ्यात यायचा. याला बंदी आहे. गावाला ठाऊक, बाला सगळ्यांत जास्त ठाऊक. तरी थंडीत एखादी खेप व्हायचीच. मला त्याचा ना अभिमान होता, ना लाज.

खेपेला निघायचं संध्याकाळी, पण त्या दिवशी बा उठल्यापासूनच बोलत नसे. माणसासारखं बोललेलं तोंड भेकराला आवाजावरून कळतं, असं तो सांगायचा. घरातल्यांनीही त्याच्याशी बोलायचं नाही. मला हे थोतांड वाटायचं, पण तोंड मिटून बसण्यात माझं काय जात होतं?

त्या सकाळी बा ओट्यावर गप्प बसला होता. मी मुरबाडला कंपनीत निघालो होतो. "बा, येतो," म्हणालो तर आई चुलीपासून ओरडली, "नको बोलू रे त्यांच्याशी! आज जायचं दिसतंय." बाने माझ्याकडे बघून डावा हात हलवला. जा म्हणत असेल, असं धरून मी गेलो.

तो तिथंच बसून राहिला. आईने दुपारी समोर भाकरी ठेवली आणि खाल्ली नाही म्हणून मुकाट्याने उचलून नेली. उन्हं कलली तेव्हा तो ओट्यावरून कलंडला. मग जीपने मुरबाड, तिथून कल्याण.

डॉक्टर म्हणाले, झटका सकाळीच आलाय, लगेच आणलं असतं तर वाचा राहिली असती. "दिवसभर एक शब्द नाही, आणि घरात कोणाला काहीच वाटलं नाही?"

"हे बोलत नव्हते, म्हणून आमी पण नाय बोललो," आई म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं, पण रडू आलं नाही. अजून येत नाही. बाच्या उजव्या हातासारखंच आतलं सगळं बधिर आहे.

आता बा घरी असतो. भरवलं की खातो, बघतो, बोलत नाही. मी उठल्या उठल्या मुलीला हलवतो.

"काय तरी बोल."

"काय बोलू?"

"काय पण बोल गो."

"झोपू दे ना, बाबा!" ती चिडून ओरडते. मग मी आंघोळीला जातो.