डिस्क अमेरिकेत, आणि हे इथेच

लोक मला म्हणतात, "वृषाली, तुझा नवरा किती गं शांत! कधी आवाज चढत नाही." अहो, शांत माणसाच्या बायकोला विचारा, शांत म्हणजे काय असतं ते. घरात एकाने बोलायचं नाही म्हटल्यावर दुसऱ्याला दोघांचं बोलावं लागतं. ते मी इतकी वर्षं करत आले.

आमचे हे, म्हणजे चेतन, इथं नगर जिल्ह्यातल्या देवळालीतच एका पतसंस्थेत कामाला. नावाला क्लार्क, कामाला सगळंच. नगरला खोली घेऊन कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, त्यामुळं कुठं काही बंद पडलं की यांच्या नावाची हाक. संस्थेचे चेअरमन आबासाहेब. ऊसवाले, मोठा बंगला, जीप. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत त्यांच्या अमेरिकेतल्या जावयानं त्यांना लॅपटॉप आणून दिला. आता लॅपटॉप ही वस्तू आमच्याकडं कुणी पाहिलेली नव्हती. आबासाहेब महिनाभर तो मांडीवर घेऊन जीपमधून हिंडले. चालू नाही करायचा हं, नुसता मांडीवर!

हौस फिटल्यावर तो आला संस्थेत आणि सगळ्या ठेवीदारांचे हिशेब त्यात गेले. गंमत अशी, की त्याची मूळ डिस्क, जिच्यावरून विंडोज भरतात ती, राहिली जावयाकडं. लॅपटॉप बिघडला की नगरचा दुकानदार पहिलं विचारायचा, "डिस्क कुठंय?" डिस्क अमेरिकेत! मग आमचे हे बसायचे आणि डिस्कशिवाय ते सगळं पुसून, नव्यानं भरून चालू करून द्यायचे. दोनदा केलं असं. आबासाहेब चारचौघांत सांगायचे, "आमचा चेतन म्हणजे लई डोकं!" मला तेव्हा बरं वाटायचं. मूर्ख मी.

नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात ह्यांना पुण्यात नोकरी लागली. कंपनीत, कॉम्प्युटरवरचीच. बाई गं, मला त्या दिवशी स्वयंपाक सुचेना. माझ्या भावानं, सचिननं, हडपसरला खोलीसुद्धा बघून ठेवली. कंपनीचं एकच म्हणणं होतं: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हा, आणि येताना आधीच्या नोकरीतून सोडल्याचा सहीचा कागद आणा. न सांगता निघून जावं, तर माझे सासरे, कोंडीराम, संस्थेच्या खताच्या गोडाऊनवर वॉचमन. आम्ही पळून गेलो तर त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं? ह्यांनी कागद टाईप करून आबासाहेबांपुढं ठेवला. आबासाहेब म्हणाले, "करतो की सही. दसऱ्याचा मुहूर्त हुंदे, मग तू मोकळा."

म्हटलं, चला, दसरा काही लांब नाही.

आबासाहेबांकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी जोरात. घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी अवजाराला काम सांगायचं नाही, त्याचा विसाव्याचा दिवस. कोयते, विळे, इंजिन, ट्रॅक्टर, आणि त्या वर्षी सगळ्यांच्या मधोमध पाटावर लॅपटॉप. संस्थेतून आणला तेव्हा तो चालूच होता, कुणाचं तरी व्याजाचं काम अर्धवट. आबासाहेब म्हणाले, "आज ह्यालाबी इसावा," आणि वायर उपटली. तरी मेला चालूच! मग खालची बॅटरीच काढून घेतली. बॅटरी वेगळी मांडली, तिच्यावर वेगळं झेंडूचं फूल. आबासाहेबांच्या बायको, मुक्ताबाई, भाविक बाई. लॅपटॉपला जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं त्यांनी कुंकू वाहिलं आणि वर अक्षता. हे मला त्यांनीच पुढं कौतुकानं सांगितलं.

दसऱ्याला आमचा सण वेगळा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. सासू-सासरे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेले. आम्ही दोघं पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला उभे, तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न. मुहूर्ताची पहिली नोंद करायला आबासाहेब बसले होते, आणि लॅपटॉप उठत नव्हता.

हे निघाले तशी मीही जीपमध्ये चढले. ड्रायव्हर बघत राहिला. बघू दे. हे एकटे गेले की कशाकशाला मान डोलावून येतात हे मला ठाऊक.

बंगल्यावर हे देवघराच्या अलीकडंच थांबले. कुणी थांब म्हणालं नाही, हो. आमच्या माणसांना ते सांगावं लागत नाही. मुक्ताबाईंनीच लॅपटॉप उचलून व्हरांड्यातल्या टेबलावर आणून ठेवला. आबासाहेब नवा फेटा बांधून उभे. खरं सांगते, त्या दिवशी ते वाईट बोलले नाहीत.

"बघ बाबा चेतन. झालं तर झालं. न्हाईच झालं, तर उद्या नगरचा मानूस आनू, न्हाईतर जावयाकडनं डिस्क मागवू. तुजा कागद हितं खिशात हाय. हे जमलं न्हाई, तर तू कशाला अडकून बसतूस? सही करतो अन् जा."

एवढं बोलून ते पाहुण्यांबरोबर सोनं लुटायला वेशीकडं गेले. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. जमलं नाही तर सुटका. आणि जमलं तर? ते काही त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

मी खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली. "अहो, ऐका. सांगून टाका, डिस्कशिवाय होत नाही. खोटं कुठंय त्यात? डिस्क नाहीच आहे."

"हं."

"हं नाही. हो म्हणा."

"हो गं. सांगतो. नुसतं बघू तर दे काय झालंय ते."

नुसतं बघू तर दे! तिथंच मी हात धरून उठवायला हवं होतं.

ह्यांच्याकडं एक फ्लॉपी असायची. विंडोज मेलं तरी मशीन त्या फ्लॉपीवरून जागं होतं. ती घालायला गेले तर आत जाईना. फटीत नुसतं कुंकू आणि अक्षता, ओटीच भरलेली बाईंनी. मला हसू फुटलं. म्हटलं, वा, देवानंच दार लावलं! आता हे उठणार. कसले उठतात? माझ्या केसातला आकडा मागितला. मी देईना, तर स्वतःच काढून घेतला. एकेक अक्षता बाहेर. मग मुक्ताबाईंकडून कापूस आणि स्पिरिट. पांढऱ्या सदऱ्यावर कुंकवाचे डाग पडले, पण यांचं लक्ष कुठंय! मुक्ताबाई बिचाऱ्या चहा घेऊन आल्या, बाहेरच्या कपात, आणि म्हणाल्या, "माजंच चुकलं का रं, चेतन?" हे म्हणाले, "नाही काकू, त्याला काय होतंय." तो चहा तसाच गार झाला.

फ्लॉपी आत गेली, खरखरली, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची ओळ उमटली. ह्यांचा चेहरा असा काही फुलला, की लग्नातही मी तो तसा बघितला नव्हता.

"अर्धं काम चालू असताना बॅटरी काढली ना, त्यात विंडोजची मोडतोड झालीय," मला समजावून सांगायला लागले. "डागडुजी करून उपयोग नाही. पुसून पुन्हा भरावं लागेल. पण बघ, कंपनीनं पाठवतानाच विंडोजचं मूळ सामान ह्याच्या आत एका कोपऱ्यात ठेवलेलं असतं. मागच्या वेळी मी ह्याचे दोन भाग केले. ते सामान आणि संस्थेचे हिशेब दुसऱ्या भागात. आता पहिला भाग सगळा पुसायचा, आणि दुसऱ्यातलं सामान काढून पहिला भरायचा."

"म्हणजे डिस्क लागतच नाही."

"नाही."

"आणि हिशेब शाबूत आहेत. पुसा न पुसा, कुणाचा पैसा बुडत नाही."

"नाही."

"मग उठा ना आता! झालं ना बघून?"

हे उठले नाहीत. पुसायला सुरुवात झाली होती. पडद्यावर आकडा शंभराकडं चढत होता आणि इकडं माझा जीव खाली खाली चाललेला. मी रागानं बोलले, रडकुंडीला येऊन बोलले. हडपसरच्या खोलीला खिडकी आहे म्हणाले, नळ घरात आहे म्हणाले. हे म्हणायचे, "हो गं, जाऊ ना." खोटं नव्हते बोलत. जायचं त्यांनाही होतंच की. पुण्याचं नाव काढलं की माझ्यापेक्षा तेच आधी नकाशा उघडायचे.

भरत भरत काम एका ठिकाणी येऊन थांबलं. विंडोजनं नंबर मागितला. पंचवीस अक्षरं-आकडे. तो नंबर लॅपटॉपच्या खाली चिकटवलेल्या कागदावर असतो. पण आबासाहेबांच्या मांडीवर जीपमध्ये घासून घासून तो कागद कधीच कोरा झालेला. बरोबर नंबर घातल्याशिवाय ते एक पाऊल पुढं जात नाही. आणि पहिल्या वेळी पुसट दिसत असतानाच पाठ झालेला तो नंबर अख्ख्या जिल्ह्यात एकाच डोक्यात होता, माझ्या शेजारी बसलेल्या.

मी कीबोर्डवर हात ठेवला. "इथं थांबा. आता तर कुणाला संशयसुद्धा येणार नाही. एक अक्षर चुकवा, ते नाही म्हणेल, आणि आपण घरी जाऊ. तुम्हाला माझी शपथ आहे."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी बघितलंय. मान हलवली, हो म्हणून. माझा जीव भांड्यात पडला. मी हात काढला.

आणि हे टाईप करायला लागले. न थांबता, न बघता. शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावरची पट्टी पुढं सरकली.

आबासाहेब परतले तेव्हा लॅपटॉप नव्यासारखा उघडून बसला होता. मग काय, सगळे पाहुणे व्हरांड्यात. टाळ्या काय, पेढे काय! आबासाहेबांनी ह्यांच्या हातात आपट्याची पानं दिली, खांद्यावर हात टाकला. ह्यांनी हळूच विषय काढला. "साहेब, मी सगळं कागदावर लिहून देतो. नंबरसकट. कुणालाही जमेल. तेवढी सही..."

"अरं, कागदाला काय हात असत्यात व्हय?" आबासाहेब हसले. सगळे हसले. "तुला सोडला अन् हे पुन्ना झोपलं, तर मी कुनाच्या दारात जाऊ? दिवाळीचं व्याज वाटून हुंदे. मग बघू."

आणि सहीचा कागद त्यांनी खिशातून काढलासुद्धा नाही. मी उभी होते तिथं. तोंड उघडणार होते, तर मुक्ताबाईंनी माझ्या हातात पेढा ठेवला. पेढा घेऊन भांडता येतं का कुणाला?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी एस.टी.डी. बूथवरून कंपनीला फोन लावला, दिवाळीनंतर आलो तर चालेल का विचारायला. पलीकडचा माणूस बरा असावा, नीट बोलला. पण जागा थांबत नाही म्हणाला, यादीतला पुढचा मुलगा सकाळीच हजर झालाय. दिवाळी गेली, मार्च आला, मग निवडणूक आली. "मग बघू" ते "मग बघू"च राहिलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी बूथमधून बाहेर पडल्यावर मी भर रस्त्यात ह्यांच्यावर ओरडले. लोक बघत होते, बघोत.

"एक अक्षर! एक अक्षर चुकवायचं होतं हो! मान हलवली होती ना तुम्ही? मला फसवलंत?"

हे थांबले. स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

"नाही गं, फसवलं नाही. चुकवायचं ठरवूनच बसलो होतो," ते म्हणाले. "दोनदा मनात म्हटलं, आता चुकव. बोटांनी ऐकलंच नाही."

आबासाहेबांशी भांडायची माझी तयारी होती. ह्यांच्याशी तर मी रोज भांडते. पण ह्यांच्या बोटांशी मी कशी भांडणार होते, तुम्हीच सांगा.