आमची खासदारीणबाई

पहिल्या भेटीत माणसं एकमेकांना गाव विचारतात, नोकरी विचारतात. ती विचारायची, "तुमच्या भागात मागच्या वेळी पडलं कोण?" निवडून आलेल्यात तिला रस नसे. "आलेल्याचं सगळेच सांगतात. पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, ते सांगा." एकदा डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या आमच्या दारात मतं मागायला एक गृहस्थ आले. तिने त्यांनाही हेच विचारलं. ते आपल्या पडलेल्या काकांबद्दल इतका वेळ बोलत राहिले, की शेवटी माझ्या बायकोने, मनीषाने, त्यांना आत बोलावून चहा दिला.

ती नागपूरची. पुण्यात जपानी शिकली आणि डब्लिनला पीएचडीसाठी आली. आमच्या मागच्या छोट्या खोलीत ती भाड्याने राहायची आणि मला दादा, मनीषाला वहिनी म्हणायची. तिचा विषय होता उत्तर जपानच्या किनाऱ्यावरचा एकच मतदारसंघ. आजोबा, मुलगा, नातू अशी एकाच घराण्याकडे राहिलेली ती जागा फक्त एकदा हातची गेली. त्या वेळी एक साधा शाळामास्तर निवडून आला, आणि पुढच्याच निवडणुकीत पडलाही. तो आला कसा, हाच तिचा प्रबंध. त्या गावांबद्दल ती माहेरासारखं बोलायची, म्हणून आम्ही तिला खासदारीणबाई म्हणू लागलो.

आयर्लंडची मतमोजणी तिला फार आवडायची. इथे ती दिवसचे दिवस चालते. एकेक उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना जातात. "पडलेल्याचीही मतं वाया जाऊ देत नाहीत. किती सभ्य देश आहे हा," असं म्हणत ती सोफ्यावर मांडी घालून ते तासन् तास बघत बसायची.

तिच्या प्रबंधाचं कोडं जपानमधल्या एका आजींनी सोडवलं होतं. त्या आजी घराण्याच्या प्रचारात बायकांची शाखा सांभाळायच्या. ती त्यांच्याकडे राहायला गेली असताना, एकत्र स्वयंपाक करता करता त्यांनी तिला सांगितलं की त्या एका निवडणुकीत आतून काय झालं. ते प्रकरण लिहून झालं आणि प्रबंध उभा राहिला.

प्रबंध द्यायच्या आठवड्यात, सकाळी आम्ही नाश्ता करत असताना तिला व्हिडिओ कॉल आला. आजींचा मुलगा होता. ती ताडकन उभी राहिली आणि मान खाली घालून बोलू लागली. भाषा कळत नव्हती, तरी माझ्या हातातला घास हातातच राहिला. मुलगा धमकावत नव्हता. तो विनवत होता, आणि ते बघणं जास्त कठीण होतं. त्याच्यामागे आजी बसून शेंगा सोलत होत्या. मध्येच त्या पडद्याकडे बघून काहीतरी बोलल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या.

कॉल संपला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो त्या घराण्याच्याच बांधकाम कंपनीत आहे. नाव बदललं तरी काय होणार, त्या शाखेची प्रमुख एकच होती. गावात सगळ्यांना कळेल. ते प्रकरण काढा म्हणतो."

"आणि आजी?"

"आजी म्हणाल्या, तुझं शिक्षण अडत असेल तर लिही."

"मग झालं तर. त्याच परवानगी देतात."

"आजी देतात, दादा. पण नोकरी मुलाची आहे ना बापा."

तो आठवडा घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. विद्यार्थी म्हणून इथे राहण्याची तिची मुदत संपत आली होती, आणि विद्यापीठातली शिकवण्याची नोकरी पदवीवर अडली होती. हे प्रकरण काढलं तर उरतं काय, असं मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट विचारलं. मीही रोज तिला समजावत होतो. पाचव्या की सहाव्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "दादा, मी काढून टाकलं. आता चहा ठेवून राहिली, तुम्ही घेता का?"

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसातून अर्धी रजा काढून विद्यापीठात गेलो आणि बंद दाराबाहेर बसलो. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग सगळे आवाज थांबले, आणि ती शांतता इतकी लांबली की मी उठून उभा राहिलो. शेवटी दार उघडून ती बाहेर आली.

"बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, घराण्याने ती एक निवडणूक का गमावली. मी म्हटलं, मला माहीत आहे, पण सांगता येणार नाही."

"मग?"

"ते म्हणाले, इथे नुसतं माहीत असून चालत नाही. बरोबर आहे त्यांचं."

प्रबंध पुन्हा लिहायला परत आला. शिकवण्याची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. तिने कॉर्कजवळच्या रिंगास्किडीतल्या एका औषध कंपनीत जपानी कागदपत्रांच्या भाषांतराचं काम धरलं आणि ती कॉर्कला गेली. निघताना माझी मुलगी तिला बिलगून रडत होती. "आय'म ग्रँड, आय'म ग्रँड," असं इथल्या बोलीत 'मी ठीक आहे' म्हणत ती पोर बाजूलाही होईना. पदवी मिळाली, पण उशिरा, आणि बारीकशा प्रबंधावर. आजींनी काय सांगितलं होतं, ते तिने आम्हालाही कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ती सुट्टी काढून आजींना भेटायला जपानला गेली. परत आल्यावर तिचा फोन आला. आजी आता वृद्धाश्रमात आहेत आणि त्यांना काही आठवत नाही. फक्त ती एक निवडणूक आठवते. दुपारी सगळे एकत्र बसले की त्या ती गोष्ट पहिल्यापासून मोठ्याने सांगतात. आश्रमातल्या मुली हसून 'हो, हो' म्हणतात. मुलगाही हसतो. तो आता निवृत्त झाला आहे.

"म्हणजे आता उघडच झालं की सगळं," मी म्हणालो. "आता तरी लिही."



"तेव्हा आजींनी मला निवडून सांगितलं होतं, दादा," ती म्हणाली. "आता त्या कुणालाही सांगतात."