गोधडीची धूळ

समोरच्या गच्चीत एक बाई काठीने गोधडी बडवते आहे. उडणारी धूळ उन्हात सोन्यासारखी चमकते. कुणाला ते सुंदर वाटेल, माझा हात मात्र नाकाकडे जातो.

गोधडीतल्या मायेबद्दल लोक गहिवरून बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. मी लहानपणी दमेकरी होते. वडिलांची बदली लेहला झाली. तिथल्या विरळ, कोरड्या हवेत धडधाकट माणसांना धाप लागायची आणि मी मात्र चढावर पळायचे. छातीतली घरघर कुठल्या कुठे गेली.

मग सुट्टीत चिपळूणला आलो. आत्याने तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी काढून माझ्या नाकापर्यंत ओढली. तासाभरात छाती शिट्ट्या वाजवू लागली. "इकडची दमट हवा बाधली गं पोरीला," म्हणत आत्याने वरून दुसरी गोधडी घातली.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की जुन्या कापडात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांचाच हा त्रास. लेहच्या कोरड्या हवेत ते तगत नाहीत. आत्या तडकली. "माझ्या आईच्या लुगड्यांत किडे?" आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझा श्वास अडकलेला तिला चालत होता, लुगड्यांचा अपमान नाही.

समोरची बाई आता गोधडीची घडी छातीशी धरून उभी आहे. तिच्या घरात एक लहान मूल खोकतं, खोकतच राहतं. ती आभाळाकडे बघते आणि चिडून म्हणते, "काय मेली हवा!"