गिरणीतल्या बाईच्या डोक्यावरचा पदर

आमच्या गिरणीचं संग्रहालय केलंय, हे मला पुतण्यानं सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, "काकू, मला तिथं घेऊन चल" म्हणून हट्टच धरला. हा माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. ती त्या गिरणीत काम करताना मेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. मीच वाढवला त्याला. एस.टी.त कंडक्टर झाला, यंदा निवृत्त झाला, आणि आता हातात वेळ आल्यावर त्याला आई आठवायला लागली. आठवायला लागली म्हणजे काय, चेहरा तर ठाऊकच नाही त्याला. फोटो काढायची ऐपत नव्हती आमची. "निदान जागा तरी बघू दे," म्हणाला.

मी गुडघ्याचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं, सोयाबीन काढणीला आलंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "सोयाबीन तू काढणार हाईस का?" झालं, मग निघालो. मी पेडगावहून परभणीला आले, तिथून त्यानं मला दुसऱ्या गाडीत बसवलं. सगळे कंडक्टर त्याला नमस्कार करत होते आणि हा खिडकीतून बाहेर बघत बसलेला.

गावाचं नाव लिहीत नाही. गिरणी बंद पडली तेव्हा अर्धं गाव पुण्याकडं गेलं आणि राहिलेलं खोकत बसलं. माझे मालकही त्या खोकल्यातच गेले. आमची चाळ होती तिथं आता मंगल कार्यालय आहे. गिरणीचं फाटक तेवढं जुनं, त्याला नवा रंग दिलाय.

आत गेले आणि पहिल्यांदा काय जाणवलं सांगू? श्वास घेता येत होता. आमच्या वेळी त्या शेडमध्ये समोरचं माणूस धड दिसायचं नाही. कापसातून सरकी वेगळी काढायची मशिनं ओळीनं लावलेली, वरून पट्टे फिरायचे, आणि रुईची धूळ नाकात, डोळ्यांत, भाकरीवर. आता खाली गुळगुळीत फरशी, वर दिवे, आणि मशिनींच्या भोवती दोरी बांधलेली. माहिती सांगायला एक पोरगी होती, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली. मी दोरीवरून हात घालून मशिनीला लावला तर म्हणाली, "आजी, हात लावू नका, जुनी वस्तू हाय."

"मी पण जुनीच हाय की बाई," मी म्हणाले. हसली बिचारी.

पुढं तिसऱ्या मशिनीपाशी एक बाईचा पुतळा उभा केलेला. लुगडं नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू, हातात कापूस, आणि डोक्यावरून पदर. पदराचं टोक खांद्यावरून पुढं सोडलेलं, पट्ट्यापासून वीतभर अंतरावर.

माझे पाय तिथंच थांबले.

"पोरी, हिच्या डोक्यावरचा पदर काढ," मी म्हणाले.

"का हो आजी? छान दिसायलाय की. आपली परंपरा हाय."

"परंपरा घरात. हितं पदर कमरेला गुंडाळून खोचायचा आणि केसाला फडकं बांधायचं. मुकादम तसं असल्याबिगर आत घ्यायचा न्हाई. अशी उभी राहिली तर पट्टा ओढून घेईल हिला."

"आजी, ती प्लॅस्टरची हाय."

 पुतण्यानं मात्र माझं बोलणं धरून ठेवलं. जन्मभर लोकांची तिकिटं तपासलेला माणूस तो, खोट बरोबर सापडते त्याला. म्हणाला, "काकू, पदर खोचलेला असायचा म्हणतीस. मग माझ्या आईचा पदर पट्ट्यात गेला कसा?"

आता हे नीट सांगायला पाहिजे. आमचे सासरे, मामंजी, त्याच गिरणीत मुकादम होते. पदर खोचायचा हुकूम त्यांचाच. पण आम्ही दोघी त्यांच्या सुना. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर नसताना उभं राहायचं म्हणजे काय? मग आम्ही आपली वाट काढली होती. मी पाटीनं कापूस वाहायचे, त्यामुळं दाराजवळ असायचे. मामंजी येताना दिसले की मी ओरडायचे, "मामंजी आले." जाऊबाई मशिनीपासून दोन पावलं मागं सरायची, कमरेचा पदर सोडून डोक्यावर घ्यायची. ते पुढं गेले की परत खोचायची. मामंजीही लगबगीनं निघून जायचे, त्यांनाच अवघड व्हायचं. बाकीच्या बाया हसायच्या. "सासरा काय मशिनीपेक्षा मोठा हाय का ग?" म्हणायच्या.

पुतण्याला मी म्हणाले, "मामंजी आले म्हणून तिनं पदर घेतला."

त्याचं तोंड बदललं. त्या पोरीसमोरच बोलला, "म्हणजे म्हाताऱ्यानं खाल्ली माझी आई. आणि मी दर पितृपंधरवड्याला त्याला पान वाढायलोय. यंदापासून बंद."

मामंजींनीच त्याला शाळेत घातलं होतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की खांद्यावर बसवून पलीकडं न्यायचे. जाऊबाई गेल्यावर ते मुकादमकी सोडून साध्या हमालीवर गेले, आणि आम्हाला सांगितलं, माझ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा नाही. गावानं नावं ठेवली, त्यांनी ऐकली नाहीत. मरेपर्यंत त्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारायला कारण होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मला.

मी म्हणाले, "त्यांचं पान बंद करू नको. ते आले नव्हते."

"कोण आलं नव्हतं?"

"मामंजी. ते तिकडं कापूस मोजायच्या काट्यावर होते. मी उगंच ओरडले."

त्याला कळेना. मग सगळं सांगावं लागलं. त्या दिवशी सकाळी आमची चूल पेटवण्यावरून बोलाचाली झाली होती, भांडण म्हणावं असं नाही, जावाजावांत होते तशी. तिनं मला आळशी म्हटलं होतं. दुपारी तिच्या मशिनीत कापूस अडकला, ती वाकून काढत होती, दोन्ही हात गुंतलेले. मला वाटलं, हिची जरा धांदल उडवावी. अठरा वर्षांची होते मी. मी दारातून ओरडले, "मामंजी आले." ती वाकलेली होती. मागं सरायला विसरली आणि तिथंच पदर सोडला.

एवढंच सांगितलं. पुढचं त्याला सांगितलं नाही आणि इथंही लिहीत नाही.

ती माहिती सांगणारी पोरगी पाणी आणते म्हणून निघून गेली, ती परत आलीच नाही. पुतण्या दोरीला धरून उभा होता. मी त्याच्या दंडाला हात लावला तर त्यानं माझा हात उचलून बाजूला केला, झटकला नाही, नुसता बाजूला केला. परत येताना त्यानं मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः मागं जाऊन बसला. परभणीला पेडगावच्या गाडीत बसवून दिलं, कंडक्टरला सांगितलं, म्हातारीला उतरताना हात द्या. एरवी तो घरापर्यंत सोडतो.

त्यानंतर पितृपंधरवडा गेला, दिवाळी झाली, संक्रांत झाली. त्याची बायको, माझी सून, फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. यंदा आजोबांना पान वाढलं होतं, असंही तिनंच सांगितलं. जेवायला मला बोलावलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.  म्हणाला, "काकू, तिला कळलं का, तू थट्टा केलीस म्हणून?"

मी "कळलं" म्हटलं असतं, तर त्याला वाटलं असतं माझ्यावर चिडून गेली. "न्हाई कळलं" म्हटलं असतं, तर सासऱ्याच्या धाकानं गेली. कशानं बरं वाटलं असतं त्याला, मला समजेना. म्हणून जे होतं तेच सांगितलं. मी म्हणाले, "बाळा, मी तिच्याकडं बघत नव्हते. मी तोंडावर हात धरून हसायले होते."

तो हं म्हणाला. फोन लगेच ठेवला नाही. त्याच्याकडचा टी.व्ही. ऐकू येत होता, बातम्या चालल्या होत्या. मग सुनेनं त्याला जेवायला हाक मारली आणि त्यानं ठेवला.