नीमाच्या गळ्याची हिरवी पट्टी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नीमाच्या ड्रेसची इस्त्री. माझ्या बायकोने, कमलने, घेर ताणून धरला, मी इस्त्री फिरवली. "पाणी जास्त मारू नका," ती म्हणाली. मी मारलंच. ड्रेस हँगरला लावला, दुकान बंद केलं, घरी येऊन पिठलं-भात खाल्ला. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी शिंपी, सोलापूरचा. शाळा सातवीपर्यंत. लेकीने आम्हाला अमेरिकेत आणलं, पण घरी बसवेना. म्हणून तिथल्या आयसेलिन गावात एका साडीच्या दुकानात मागे मशीन टाकली. कापणं, शिवणं माझं. हातकाम कमलचं.

नीमा टांझानियाची. इथे नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं करायची. कमलला ती मामा म्हणायची. त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कमल पोट धरून हसली होती. मला म्झे म्हणायची, म्हणजे वडीलधारा. २००५ साली तिच्या देशात निवडणूक होती आणि तिच्या पक्षाने तिला उभं राहायला बोलावलं होतं. निळं कापड देऊन म्हणाली, "सभेत घालायचंय, मामा. तुमच्यात शुभ असतं ते काहीतरी लावा."

कमलने गळ्याला, बाह्यांना आणि खाली घेराला हिरवी पट्टी लावली, तिला पिवळी पायपिंग, म्हणजे कडेला बारीक गोट. हिरवा चुडा आणि हळद. आमच्यात याहून शुभ काय असणार?

तेरावं झाल्यावर मी कामावर गेलो. त्याच दुपारी नीमा ड्रेस न्यायला आली. कमलचं तिला तेव्हाच कळलं. ती रडली, माझे हात धरून बसली. मग मी ड्रेस पुढे केला आणि तिने तो अंगाला न लावताच घडी घालायला घेतला.

"काय झालं? फिटिंग बघ की."

"फार सुंदर आहे, म्झे. पेटीत जपून ठेवीन."

"पेटीत? उद्या संध्याकाळी विमान आहे ना तुझं? मग सभेत काय घालणार?"

खूप विचारल्यावर बोलली. हिरवा-पिवळा हा तिकडच्या सरकारी पक्षाचा रंग. देश स्वतंत्र झाल्यापासून राज्य त्यांचंच. कित्येक वर्षं दुसरा पक्ष काढायलाही बंदी होती. नीमा उभी त्यांच्याच विरोधात.

"हे घालून स्टेजवर गेले तर आमचेच लोक म्हणतील, विकली गेली," ती म्हणाली.

"मग उसवतो."

"नको. मामाचे शेवटचे टाके आहेत ते."

"तिने सभेसाठी शिवलंय. पेटीसाठी नाही."

आमचे शेठ मनसुखभाई पडद्याआडून ऐकत होते. म्हणाले, "काका, राहू द्या ना. मी हिला रेडिमेड देतो, डिस्काउंटमध्ये."

"तुमचं रेडिमेड तिच्या खांद्यात बसेल का शेठ? जा, गल्ला बघा."

उसवायला बसलो. पट्टी तुरपाईने लावली होती. तुरपाई म्हणजे आतून हाताने घातलेले बारीक टाके, वरून दिसत नाहीत. एकेक टाका सुईच्या टोकाने उचलायचा. कमल टाका घट्ट घालायची, निघता निघेना. मध्ये दोनदा चष्मा पुसला. नीमा समोर बसून पिवळे धागे वेचत होती.

पट्टी निघाली आणि खाली सुईची भोकं दिसली. वाटलं, गेला ड्रेस. मग गळा उलटा केला. कापताना कमलने मला मार्जिन भरपूर सोडायला लावलं होतं. मार्जिन म्हणजे शिवणीच्या आत दाबलेलं जास्तीचं कापड. मी तिला नेहमी म्हणायचो, कापड वाया घालवायला लावतेस. तेच उलगडलं, भोकं आत दुमडली, वर पांढरी पायपिंग मारली. बाह्यांना तसंच, घेराला तसंच.

नीमाने घालून पाहिला. आरशासमोर मान ताठ करून उभी राहिली आणि हात वर करून तिच्या भाषेत काहीतरी मोठ्याने बोलली. साड्या बघणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. शेठ म्हणाले, "काका, ही जिंकणार."

ती हरली. निवडणुकीनंतर दुकानात फोन आला.

"म्झे, माझ्या मतदारसंघात हरले. पण पार्लमेंटात बसणार आहे."

"हरलीस तर बसणार कशी?"

तिने समजावलं. त्यांच्या पार्लमेंटात बायकांसाठी वेगळ्या जागा असतात. देशभरात पक्षाला मतं किती पडली, त्या हिशोबाने त्या जागा वाटतात, आणि पक्ष आपल्या बायकांची नावं देतो. नीमाचं नाव वर होतं.

"प्रत्येक सभेला मामाचाच ड्रेस घातला," ती म्हणाली. "शपथ घ्यायलाही तोच घालणार."

फोन ठेवला आणि शेठला म्हटलं, पेढे मागवा. कशाचे म्हणाले. म्हटलं, आमच्या कमलने खासदार पाठवली. त्यांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटले. कमल गेल्यापासून मी पहिल्यांदाच गोड खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर नागपूरच्या एक बाई ब्लाऊजपीस घेऊन उभ्याच. म्हणाल्या, "काठ कुठल्या रंगाचा लावायचा ते तुम्हीच ठरवा काका, तुम्हाला जास्त कळतं."

म्हटलं, "नाही बाई. रंग गिऱ्हाइकाने सांगायचा."

त्यांनी जांभळा सांगितला. मला आवडला नाही. कात्री घेतली आणि कापला.