काकींच्या वावरातून जाणारी वाट

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात स्वतःच्या वावरात जायचं म्हणजे आधी दुसऱ्याच्या वावरातून जायचं. आमचं तीन एकर नाल्याच्या पलीकडे आहे आणि तिथली पायवाट शेजारच्या काकांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी, माझी जाऊ आणि गल्लीतल्या चार बायका रोज सकाळी डोक्यावर गाठोडी घेऊन तिथूनच जायचो. काका-काकी वावरातच राहायचे. काकी आम्हाला विहिरीचं पाणी पाजायच्या आणि त्या बदल्यात गावातली सगळी खबर काढून घ्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, कळपाने काकांचा हरभरा पार खाऊन टाकला. काकांनी चारही बाजूंनी काटेरी तार ओढली आणि आमची वाट बंद झाली.

माझा नवरा त्यांच्याकडे गेला. "काकाजी, पायवाट तं सोडा."

"तुले सोडली तं रोह्यालेबी सोडली," काका म्हणाले. "त्याले काय समजते, वाट कोनासाठी हाय थे?"

त्यांचंही खोटं नव्हतं. पण नाल्याकडून वळसा घालायचा म्हणजे अर्धा तास जास्त, तोही चिखलातून, चपला हातात घेऊन. लोक म्हणाले, वहिवाटीचा रस्ता असा अडवता येत नाही, तहसीलदाराकडे अर्ज करा. नवऱ्याने अर्ज लिहिला. त्यावर सही करायचं मात्र मी उद्यावर ढकललं. इतकी वर्षं त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायले होते मी.

अर्ज द्यायच्या आधीच एका सकाळी काकी नाल्याच्या वळणावर उभ्या दिसल्या. सोबत पाण्याने भरलेली कळशी.

"पंधरा दिवस झाले, मानूस दिसला नाही मले," त्या म्हणाल्या. "आता रोहीबी येत नाही अन् तुमीबी येत नाही. एकट्या बुढ्याच्या तोंडाकडे किती पाहू मी?"

हसून हसून आमची गाठोडी खाली आली.

"मंग सांगा ना काकाजीले," जाऊ म्हणाली.

"सांगतलं. ऐकलं नाही. म्हनून आज चूल पेटवली नाही."

दुसऱ्याच दिवशी काका पहार घेऊन धुऱ्यावर खड्डे खणताना दिसले. तारेत त्यांनी दोन खांबांमध्ये थोडी जागा सोडली आणि त्या जागेसमोर तिसरा खांब रोवला. "मानूस तिरपा होऊन निंगते, रोही अडकते," ते ऐटीत म्हणाले.

मी सहज पलीकडे गेले. माझी जाऊ अंगाने भरलेली. ती मधोमध अडकली, ना पुढे ना मागे.

"काकाजी, हे रोह्यासाठी हाय का माह्यासाठी?"

काकी हसत हसत मातीतच बसल्या. काका मात्र गंभीर. त्यांनी जावेला ओढून बाहेर काढलं, वितीने अंतर मोजलं आणि खांब उपटून पुन्हा रोवला. तरी ती अडकली. तिसऱ्यांदा ती पलीकडे निघाली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या आणि काकांनाही हसू आवरलं नाही.

आता आम्ही आधी गाठोडी तारेवरून काकींच्या हातात देतो, मग एकेक जण तिरपी होऊन आत शिरते. पाच मिनिटांच्या त्या वाटेला आम्हाला वीस मिनिटं लागतात.