दाजींचं बरं होणं

दुखण्याचा इतका मान ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात आमच्या दाजींशिवाय दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक होतं आणि त्या भोकाच्या जोरावर चाळिशीपर्यंत त्यांनी इकडची काडी तिकडं केली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात सगळी गल्ली घागरी घेऊन धावत होती, तेव्हा दाजी ओट्यावर बसून लोकांची रांग लावून देत होते. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी सदऱ्याची बटणं काढून म्हणायचे, "कान लावा की. घूं घूं ऐकू यायलंय का?" आम्हाला पोटातली गुरगुर तेवढी ऐकू यायची, पण तसं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की आठवडाभर अबोला.

शेवटी मुंबईला नेऊन ते भोक शिवलं. निघताना डॉक्टरांनी समजावलं, "इतकी वर्षं जादा रक्त ओढून हृदयाचा उजवा कप्पा ताणला गेलाय. भोक बुजलं म्हणून तो लगेच आकसणार नाही, महिने लागतील. रोज चालत जा." यातलं 'चालत जा' सोडून बाकी सगळं दाजींना तोंडपाठ झालं. अक्कानं ज्वारी दळून आणायला सांगितली की आडवे होऊन म्हणत, "आत हृदय आकसायलंय आणि मी गिरणीत जाऊ व्हय?" अक्का तोंडाचा पट्टा चालू ठेवून स्वतःच डबा उचलायची.

वर्षानं तपासणीला मी सोबत गेलो. फोटो बघून डॉक्टर खूश. कप्पा चांगला आकसला होता. "आता सगळी कामं करा," म्हणाले. दाजी बाहेर आले ते कुणी गेल्याची तार आल्यासारखे. मी चेष्टा करणार, तेवढ्यात बाकड्यावर बसून म्हणाले, "लहानपणी वैद्यानं आईला सांगितलं, पोरगं चाळिशी बघत न्हाई. मी दाराआडून ऐकलो. तेवढ्यापुरतंच जगायचं धरून बसलो. आता पुढचं कसं जगायचं, ते कुणी सांगंना की." मला दाजींची पहिल्यांदाच दया आली. थोडा रागही आला, इतकी वर्षं हे कुणालाच बोलले नाहीत म्हणून.

त्या हिवाळ्यात गल्लीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा सराव चालू होता. उंच, जड नंदीध्वज कमरेशी तोलून चालायचं. दाजींच्या घराण्याला तो मान. दाजी मात्र आजवर बाजूनं चालत नुसत्या सूचना करत आलेले. एका संध्याकाळी सूचना करता करताच थांबले आणि म्हणाले, "द्या हिकडं." पोरांनी हसत हसत दिला. दाजी चालू लागले, पाय लटपटत, तोंड लालबुंद. अक्का पिठाच्या हातानं बाहेर धावली. "अवो, ठेवा खाली! बसा बघू!" ओरडता ओरडता ती रडायलाच लागली.

कुणी 'बसा' म्हटलं की लगेच बसणारे दाजी त्या दिवशी तिच्यासमोरून पुढं चालत गेले. अक्का पदर तोंडाला लावून त्यांच्या मागं निघाली. हा माणूस आता आपल्याला म्हातारपणापर्यंत पुरणार, हे बहुतेक तिलाही तेव्हाच पटलं.